केशरअक्का, तुमचं वाक्य परत घातलंय

प्रिय केशरअक्का,

आज दुपारी काम संपलं. कॉम्प्युटर बंद केला आणि खुर्चीतच बसून राहिले. पाठ धरलीय, डोळे चुरचुरतायत. काम म्हणाल तर फिल्ममध्ये चौदा सेकंद परत घातली, एवढंच. चौदा सेकंदांना मला दोन वर्षं लागली! हे कुणाला तरी सांगावं म्हणून मोबाईल हातात घेतला, तुमचं नाव काढलं, आणि मग आठवलं. म्हणून हे पत्र. तुम्हाला वाचायचा कंटाळा, तो रत्नामावशींना नाही. त्या वाचतील मोठ्यानं, घरात. ऐकू आलं तर ऐका.

तुम्ही जाऊन चार महिने झाले. या चार महिन्यांत मी सतरा लग्नं शूट केली. त्याच हळदी, तीच मंगलाष्टकं, तेच ड्रोन. कॅमेरा डोळ्याला लावला की काही वाटून घ्यायचं नाही, ही सवय धंद्यानं लावली मला. पण तुमच्याबाबतीत ती सवय कामाला आली नाही.

पहिल्यांदा तुम्हाला पाहिलं ते ढोकीला, कारखान्यापुढच्या उसाच्या रांगेत. मी कुठल्याशा लग्नाहून भूमला परत निघाले होते आणि रस्ता ट्रॅक्टरांनी अडलेला. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खाली पँट, केस बारीक कापलेले. मला आधी कुणी वयस्कर पुरुषच वाटला! तेवढ्यात मागचा ड्रायव्हर ओरडला, "ए बाई, मागं घे की! न्हाईतर मालकाला बोलव तुझ्या, तुझ्यानं व्हायचं न्हाई." तुमच्या ट्रॅक्टरला उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या होत्या. दोन ट्रॉल्या मागं घेणं म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं; पण रांगेतले सगळे ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागले, त्यावरून समजलं. तुम्ही मान मागं वळवलीत आणि एकदाही न थांबता दोन्ही ट्रॉल्या सरळ त्या चिंचोळ्या जागेत नेऊन लावल्यात. मग खाली उतरून त्याच्यापुढं उभ्या राहिलात. "म्याच मालक. बोल, काय काम व्हतं?"

तो परत आपल्या ट्रॅक्टरवर चढला. मीच पुढं झाले. म्हटलं, तुमच्यावर फिल्म करू का?

"माझ्यावर? का गं, म्या मेले का काय?"

किती हसला होतात तुम्ही!

फिल्म तीन बायकांवर होती. सोनारीच्या यात्रेत बांगड्या विकणारी नंदा, जी मुलगा म्हणून जन्मली आणि बाई म्हणून जगते. तुळजापूरच्या एक शिक्षिका, नवरा गेल्यावरही ज्यांनी कुंकू पुसू दिलं नाही. आणि तुम्ही. नंदा जे बोलली ते मी सगळं ठेवलं. बाईंचंही ठेवलं. फक्त तुमचंच एक वाक्य कापलं.

तुमच्या घरी मी वर्षभर येत होते. तुमची गोष्ट तुम्ही ट्रॅक्टरचं ऑइल बदलता बदलता सांगितलीत. अठराव्या वर्षी लग्न लावून दिलं, तिसऱ्या महिन्यात तुम्ही चालत माहेरी आलात. वडलांनी विचारलं, मारतो का? तुम्ही म्हणालात, न्हाई, माणूस चांगला हाय, पण माझ्यानं बायकू व्हायचं न्हाई. त्याच दिवशी विळ्यानं वेणी कापलीत. वडील रडले आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला शेतात घेऊन गेले. असे वडील त्या काळात तुम्हाला मिळाले, अक्का! मी ऐकत होते आणि माझ्या वडलांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. माझा घटस्फोट झाल्यावर ते सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत.

आणि रत्नामावशी. नवऱ्यानं टाकलेली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून तुमच्या गावात आलेली बाई. मागची खोली भाड्यानं घेतली. वर्षभरानं मधलं दार उघडलं ते बावीस वर्षं उघडंच राहिलं. त्या तुमचं नाव कधी घ्यायच्या नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. "अवं" म्हणायच्या. "अवं, च्या निवतोय."

त्या दिवसाचं फुटेज आज मी परत परत बघितलं. ओट्यावर मावशी सुपात तूर निवडतायत, शेजारी तुम्ही पाय सोडून बसलात. मी कॅमेऱ्यामागून विचारलं, रत्नामावशी तुमच्या कोण? तुम्ही नेहमी माझ्याकडं बघून बोलायचात. त्या एका वेळी थेट कॅमेऱ्यात बघितलंत.

"लोकं इचारत्यात, ही तुझी कोण? मैतरीण म्हणा, भईन म्हणा, काय बी म्हणा. म्या सांगते, माझं लगीन हिच्यासंगं झालंय. फकस्त कुणी अक्षता टाकल्या न्हाईत."

मावशींचा सुपातला हात थांबला. मग परत चालायला लागला. तुम्ही उठून ट्रॅक्टरकडं गेलात, जसं काही विशेष झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा फोन आला. आवाज बारीक. "बाई, तेवढं काढ. माझ्या भावाच्या दोन पोरी लग्नाच्या हायत. अन् अंगणवाडीत कोण लेकरू धाडील गं मग? म्या सांगितलं म्हणून तिला बोलू नको. तुझ्या पाया पडते."

मी म्हटलं, काढते मावशी. अक्का, मी लगेच हो म्हटलं. क्षणभरही थांबले नाही.

धाराशिवच्या कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा तुम्ही नवा कोरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलात. कडक इस्त्री. मावशी आल्या नव्हत्या, अंगणवाडीत वजनं घ्यायची होती म्हणे. टाळ्या झाल्या, पोरींनी तुमच्याबरोबर फोटो काढले. मग हॉलच्या पायऱ्यांवर तुम्ही मला बाजूला घेतलंत.

"माझं वाक्य कुठं गेलं?"

"अक्का, वारा होता त्या दिवशी. माईकमध्ये वारा भरला, आवाज खराब झाला."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. "त्या दिशी पान हालत नव्हतं, पोरी."

बस्स, एवढंच. मग एसटीला उशीर होतोय म्हणून निघालात. रागावला नाहीत, ओरडला नाहीत. त्या ड्रायव्हरला ऐकवलं होतंत तसं मला का नाही ऐकवलंत? मी ते सहन केलं असतं. हे गप्प राहणं सहन झालं नाही.

त्यानंतर माझं येणं कमी झालं. आधी महिन्यानं, मग सणाला, मग फोनच. कामं आहेत अक्का, सीझन आहे अक्का. दर वेळी तुम्ही म्हणायचात, "सवडीनं ये की, आम्ही काय पळून चाललोय?"

तुम्ही पडलात ते ऐन हंगामात, ट्रॅक्टरवरून उतरता उतरता. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. मावशींनी तुम्हाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. कागद भरताना विचारलं, पेशंटच्या कोण? मावशी म्हणाल्या, शेजारीण. मग शेजारणीला जेवढं आत सोडतात तेवढंच सोडलं, सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. बाकी सगळा वेळ त्या बाहेरच्या बाकड्यावर. आत तुमचे पुतणे. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात तेव्हा त्या बाकड्यावरच होत्या.

मला फोन आला तेव्हा मी एका लग्नात होते. सप्तपदी चालू होती. मी फोन कट केला. शूटिंग पूर्ण केलं आणि मग परत लावला. तुमच्या मातीला मी नव्हते, अक्का. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. विचारणाऱ्यांना म्हणते, कळलंच उशिरा.

पुढचं मावशींनी सांगितलं. तुमचा लग्नाचा नवरा अजून हयात आहे ना, कुठंतरी नातवंडांत. म्हणून भावकीतल्या बायकांनी तुम्हाला सवाष्ण ठरवलं! हिरवी साडी नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला. त्रेचाळीस वर्षांत ज्या माणसाचं तोंड बघितलं नाही, त्याच्या नावानं. मावशी पुढं झाल्या, म्हणाल्या, अवो तिला शर्ट घाला, पेटीत धुतलेला ठेवलाय. कुणीतरी त्यांना हाताला धरून बाजूला बसवलं. "तुमी गप बसा मावशी, ह्यो घरचा मामला हाय."

आणि मग तो फ्लेक्स. गावच्या स्टँडवर, चांगला मोठा. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो तुमचा नव्हताच! म्हणजे होता, पण अठराव्या वर्षीचा, लग्नातला. डोक्यावर पदर, खाली घातलेली मान, नाकात नथ. नावापुढं त्या नवऱ्याचं नाव, त्याचं आडनाव. खाली शोकाकुल म्हणून सगळी भावकी, पुतणे, पुतण्यांची पोरं. मावशी रोज त्या फ्लेक्सखालून अंगणवाडीत जात होत्या. एक महिना गेल्या.

महिन्यानं त्या दोन एसट्या बदलून भूमला आल्या. आठवडी बाजाराचा दिवस होता, माझ्या स्टुडिओबाहेर ही गर्दी. आत येऊन बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तिचा फोटू दे. ट्रॅक्टरवरचा."

मी काढून दाखवला. स्टिअरिंगवर एक हात, टोपी मागं सरकलेली, डोळे बारीक करून समोर बघताय. मावशी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याचा फ्लेक्स करायचाय. चल."

बाजाराच्या गर्दीतून आम्ही दोघी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचाच, लग्नाचे बॅनर त्याच्याकडंच करते मी. त्यानं विचारलं, नाव काय टाकायचं? मी सांगणार तेवढ्यात मावशींनी माझा हात दाबला.

"केशर दगडू," त्या म्हणाल्या. मग परत, जरा मोठ्यानं. "केशर. बापाचं नाव दगडू. फुडं काय बी न्हाई."

"शोकाकुल?"

"माझं नाव टाक. रत्ना. एकटीचं."

"आणि नातं काय लिहू?"

दुकानदाराचा काही वाईट हेतू नव्हता, रोजचा प्रश्न होता त्याचा.  मला वाटलं, मावशी आता शेजारीण म्हणतील. मैत्रीण तरी. त्या म्हणाल्या, "नातं लिहू नको, दादा. बाकीचं नाव वाचल्यावर कळंल ज्याचं त्याला."

तो फ्लेक्स आम्ही तुमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीला लावला. शिडी मी धरली, बांधला मावशींनीच. दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंत मोकळी होती, नुसत्या कापलेल्या दोऱ्या लोंबत होत्या. मावशींनी मला फोन करून सांगितलं आणि म्हणाल्या, जाऊ दे, दमले म्या आता. मीही म्हटलं, जाऊ दे. आम्ही दोघी खरंच फार दमलो होतो, अक्का.

पण त्याच दिवशी दुपारी तुमची वहिनी आली. हो, तीच, बावीस वर्षं जिनं तुमचा उंबरा ओलांडला नाही, हळदीकुंकवालासुद्धा मावशींना बोलावलं नाही. हातात घडी घातलेला फ्लेक्स. मावशींना म्हणाली, "पोरांनी काढला. म्या शिव्या दिल्या त्यास्नी, पण माझं ऐकतंय कोण? घे. आतल्या भिंतीला लाव, तितं कुणी हात लावायचं न्हाई." मग आत आली. फ्लेक्स स्वतः जमिनीवर पसरून बघितला. "फोटू चांगला काढलाय. अशीच व्हती वन्सं. नवरी म्हणून सजवली तवा म्याच पदर धरला व्हता तिचा, रडत व्हती नुसती. म्या बी नवी नवरी, मला काय कळतंय!" मावशींनी चहा ठेवला. ती प्यायली. जाताना कप धुऊन ठेवून गेली.

याला काय म्हणायचं? जिंकलो म्हणायचं का? पुतणे अजून मावशींशी बोलत नाहीत. स्टँडवरची ती नथवाली नवरी उन्हानं पांढरी पडत चाललीय, पण आहे अजून. तुमचा फ्लेक्स आतल्या खोलीत आहे. जेवढं मिळालं तेवढं एवढंच आहे.

मागच्या आठवड्यात मी तुमच्या घरी गेले, मुक्कामालाच. मावशी भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "तिचं ते वाक्य ठिवलंय का तू? का पुसून टाकलं?"

"आहे, मावशी."

"घाल परत."

मी म्हटलं, आणि तुमच्या भाच्या? अंगणवाडी?

"भाच्यांची लग्नं झाली. ती गेली तवा दोघींनी फोनसुदिक केला न्हाई मला. अन् लेकरं काय, ती माझ्याकडं रोज खिचडी खात्यात, त्यांच्या आयास्नी सगळं म्हाईत हाय पयल्यापासनं. म्याच भेत बसले." मग तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "तिला म्हाईत व्हतं बरं का. म्याच सांगितलं, धाराशिवहून आली त्याच आठवड्यात. दोन दिस बोल्ली न्हाई माझ्याशी. मग म्हणली, त्या पोरीला कळू देऊ नको मला म्हाईत हाय म्हणून. शरमंल ती, अन् मग यायचीच बंद व्हईल."

अक्का! असं का केलंत? मी तर तशीही यायची बंदच झाले होते. तुमच्यासमोर बसायला तोंड नव्हतं म्हणून. तुम्ही मला शरम वाटू नये म्हणून गप्प, मी शरमेनं गप्प, मावशी भीतीनं गप्प. दीड वर्षं आपण तिघी एकमेकींना जपत बसलो आणि त्यात तुमचं आयुष्य संपलं. एकदा फोनवर कचकचीत शिवी हासडली असतीत, "ये हिकडं, खोटारडे" म्हणाला असतात, तर मी त्याच दिवशी एसटी पकडली असती. पकडली असती का? आता काय सांगू.

एक गोष्ट मात्र मावशींनाही अजून सांगितलेली नाही, हे पत्र वाचतानाच त्यांना कळेल. आधी तुम्हाला सांगते. मावशींचा तो फोन आला तेव्हा मला वाईट वाटलं हे खरं. पण त्याच्याआधी हायसं वाटलं, हे जास्त खरं. कारण तुमचं वाक्य ऐकल्यापासून मीच घाबरले होते. भूमसारख्या गावात, असली फिल्म करणाऱ्या घटस्फोटित बाईला लग्नाच्या मांडवात कोण उभं करणार? मावशींनी सांगितलं नसतं तर मी स्वतःच काहीतरी कारण शोधलं असतं. त्यांनी त्यांच्या भाच्यांसाठी पाया पडून सांगितलं. मी माझ्यासाठी कापलं आणि वर त्यांच्यावर उपकार केल्यासारखी वागले. तुम्हाला हिरवी साडी नेसवणाऱ्या बायकांवर मी चिडते, त्या फ्लेक्सवर चिडते. पण त्यांनी एक फोटो लावला त्यांना पटेल असा, आणि मी एक फिल्म केली मला झेपेल अशी. फार वेगळं नाही हे.

हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. पण लिहून झालं.

मावशी म्हणतात, फिल्म पुण्या-मुंबईत दाखव न्हाईतर दाखवू नको, पण हितं दाखव, आपल्या गावात. पुढच्या महिन्यात दाखवणार आहोत, तुमच्याच अंगणात. मी विचारलं, कुणी गोंधळ घातला तर? म्हणाल्या, "घालंनात. म्या कुठं जाणार हाय?" सतरंज्या अंगणवाडीतून आणणार आहेत.

तुम्हाला मोठमोठी वचनं द्यायची माझी लायकी नाही, म्हणून झेपेल तेवढंच देते. त्या दिवशी फिल्म सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांपुढं उभी राहीन आणि सांगेन की यातलं केशरअक्कांचं एक वाक्य मी कापलं होतं. वाऱ्यानं नाही, मी. माझ्या भीतीनं. मावशींचं नाव मी घेणार नाही, त्यांना सांगायचं तर त्या सांगतील. मग पुढं जाऊन मावशींच्या शेजारी सतरंजीवर बसेन. मागून कोण उठून गेलं, हे वळून बघणार नाही. तुमचं बोलून होईपर्यंत हलणारही नाही.

तुमची,
उज्ज्वला
भूम